रत्नागिरीत भाड्याचं घर शोधताना : नव्याने येणाऱ्या शिक्षक, नोकरदार आणि विद्यार्थ्यांसाठी माहिती

दरवर्षी जून उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणी मालेगावचा, कुणी नांदेडचा, कुणी जळगावचा. उर्दू शाळेवर नेमणूक झालेली असते, हातात ऑर्डर असते आणि प्रश्न एकच, "सर, रूम मिळेल का? बजेट कमी आहे." बजेट कमी असणारच. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला १६,००० रुपये मानधन, माध्यमिकला १८,०००. त्यातून गावी आई-वडिलांना पाठवायचं, उरलेल्यात राहायचं. शिक्षकच कशाला, मेडिकल कॉलेजला आलेली मुलं, मिरजोळे एमआयडीसीत लागलेले तरुण, बंदरावर कामाला आलेली कुटुंबं, सगळ्यांची गत तीच. एकेकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा आम्ही हे एकदा लिहून ठेवतोय. आम्ही स्वतः लग्नानंतर या शहरात चार घरं बदलली, तेव्हा यातलं बरंचसं अनुभवाने कळलेलं आहे आणि काही ठेच लागून.

शहर कसं आहे ते आधी समजून घ्या

रत्नागिरी म्हटलं की लोकांना समुद्रासमोरची खिडकी दिसते. समुद्राजवळचं घर परवडतं का, हा प्रश्न नंतरचा. ते राहायला बरं का, हा आधीचा. शहर दोन पातळ्यांवर आहे. खाली किनाऱ्याला आणि खाडीला लागून मांडवी, मिरकरवाडा, राजिवडा ही जुनी वस्ती. वर चढून आलं की मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉपचा भाग. बहुतेक नव्या इमारती वरच्या अंगाला झाल्या. त्याच्याही पुढे नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव ही शहराला चिकटलेली गावं, तिथे ग्रामपंचायत आहे. भाडं साधारणपणे मारुती मंदिरच्या आसपास सगळ्यात चढं आणि तिथून जसजसे लांब जाल तसतसं उतरत जातं. रेल्वे स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी गावी जाणाऱ्याला तो भाग सोयीचा पडतो, रिक्षाचे पैसे वाचतात.

पण नुसतं भाडं बघू नका. आमच्या एका सहकाऱ्याने हजार रुपये वाचवायला शहराबाहेर घर घेतलं, शाळा दुसऱ्या टोकाला. एसटीच्या शहर बसचं वेळापत्रक शाळेच्या वेळेशी जमेना, शेवटी सेकंडहँड स्कूटर घ्यावी लागली. पेट्रोल आणि हप्ता धरून ते घर मारुती मंदिरच्या घरापेक्षा महाग पडलं. भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च दोन्ही एका कागदावर मांडा, मग ठरवा.

आपली मोठी वस्ती कोकणनगर, उद्यमनगर, राजिवडा, मिरकरवाडा या भागांत आहे. मशीद जवळ, मुलांना दीनी तालीम जवळ, सामान ओळखीचं, म्हणून बहुतेकांचा ओढा तिकडेच असतो. त्यात गैर काही नाही. फक्त मिरकरवाड्याच्या बाजूला मासेमारीच्या हंगामाचा हिशोब वेगळा असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. त्या दोन महिन्यांत बाहेरून आलेले खलाशी गावी जातात, खोल्या रिकाम्या दिसतात आणि मालकही नरम असतो. ऑगस्टला होड्या निघाल्या की त्याच खोल्यांना मागणी येते. जूनमध्ये "दोन महिन्यांपुरतं घ्या, मग बघू" असं कुणी म्हणालं तर त्या "मग बघू"चा अर्थ हा आहे. अकरा महिने लिहून देत असेल तरच सामान टाका.

मे महिन्यात घर फसवतं

हे आम्ही सगळ्यांना सांगतो. शक्य असेल तर घर पावसात बघा. मे महिन्यात प्रत्येक घर चांगलं दिसतं. नवा रंग मारलेला असतो, खिडकीतून वारा येतो. जुलैमध्ये त्याच भिंतीवर काळी बुरशी चढते आणि कपाटातल्या कपड्यांना वास मारतो. आमचं दुसरं घर तसंच होतं. आमच्या मुलीला त्या पावसाळ्यात जो खोकला लागला तो घर बदलल्यावरच गेला.

मेमध्येच बघावं लागलं तर रंगाकडे बघू नका, कोपऱ्यांकडे बघा. छत आणि भिंत मिळते तिथे, खिडकीच्या खाली, बाथरूमच्या मागच्या भिंतीला. रंग फुगलेला, पोपडे सुटलेले, नाहीतर एकाच भिंतीला ताजा रंग, म्हणजे पाणी तिथूनच येतं. वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का विचारा. कोकणात ती शोभेला नसते, स्लॅब वाचवायला असते. शेड असेल तर तिची बांधणीही बघून घ्या, कारण मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनारपट्टीवर पत्रे कसे उडाले ते इथल्या लोकांच्या लक्षात आहे. तळमजला असेल तर जमिनीतून ओल चढते का ते शेजाऱ्याला विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही.

खाऱ्या वाऱ्याचा त्रास बाहेरच्या माणसाला आधी कळत नाही. समुद्राच्या अगदी जवळच्या इमारतीत बाल्कनीच्या गजांना, दाराच्या बिजागऱ्यांना, गॅसच्या शेगडीला, फ्रिजच्या मागच्या बाजूला गंज लवकर धरतो. तो स्लॅबच्या आतल्या सळ्यांपर्यंत पोचला की काँक्रीट फुटून खपल्या पडतात. छताला लांबट भेग आणि तिच्या कडेने तांबूस डाग दिसला तर ते घर लहान मुलं असलेल्यांनी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भाडं कितीही कमी असो.

पाणी. शहराला शीळ धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्याच्या शेवटी टंचाई लागते आणि पाणीपुरवठ्याच्या वेळा बदलतात. किती दिवसांनी, किती वेळ आणि टाकी किती लिटरची, हे तिन्ही विचारा. विहीर आहे असं सांगितलं तर पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं आणि खाडीजवळची असेल तर खारं होतं का, तेही विचारा. साधी परीक्षा म्हणजे साबण. फेस येत नसेल तर त्या पाण्यात डाळ शिजणार नाही. टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्या. भांडणं इथेच होतात.

विजेचं मीटर स्वतंत्र आहे का बघा. महावितरणचा घरगुती दर युनिटनुसार चढत जातो. १०० युनिटपर्यंत कमी, १०१ च्या पुढे बराच जास्त. दोन बिऱ्हाडं एका मीटरवर असली की दोघांचे मिळून युनिट वरच्या टप्प्यात जातात, आणि वेगळं मीटर असतं तर शंभराच्या आत राहिलेल्या माणसालाही महाग वीज पडते. मालक "युनिटमागे सरसकट इतके" असं सांगत असेल तर मागची दोन बिलं मागा. चांगला मालक दाखवतो.

करार : नोटरी आणि नोंदणी यातला फरक

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे पद्धत अशी की स्टॅम्पपेपर आणायचा, त्यावर अकरा महिन्यांचा मजकूर टाईप करायचा, नोटरीचा शिक्का मारायचा, झाला करार. लोकांची समजूत अशी की अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही. ही समजूत अगदीच हवेतली नाही, १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला तशी सूट आहे. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायद्यात आहे. आणि वाद झाला व नोंदलेला करार नसला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी न करण्यात धोका मालकालाच जास्त. हे मालकाला शांतपणे समजावून सांगितलं की बरेच जण तयार होतात.

नोंदणी म्हटल्यावर खर्चाची भीती घालतात. हिशोब करून बघा. समजा भाडं ६,५०० आणि परत मिळणारं डिपॉझिट २५,०००. अकरा महिन्यांचं भाडं ७१,५००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ते त्यात मिळवतात, म्हणजे आणखी अडीच हजारांच्या आसपास. या बेरजेवर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत-बाहेर. नोंदणी फी नगरपालिकेच्या हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५००. नाचणे, कुवारबावला घर घेणाऱ्याचे तिथे पाचशे वाचतात. वर दस्त हाताळणीचे थोडे पैसे आणि एजंट घरी मशीन घेऊन आला तर त्याची मजुरी. सगळं ऑनलाईन होतं, मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे आधारवर अंगठे लागतात, ऑफिसात जावं लागत नाही. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत चांगली आहे.

हे सगळं इतकं खोलात का लिहितोय, त्याला कारण आहे. आमच्याकडे एक पालक आले होते. शिवणकाम करणारे, बाहेरच्या जिल्ह्यातून येऊन पाच वर्षं इथे भाड्याने राहिलेले. मोठी मुलगी आमच्या उर्दू शाळेत. धाकट्याचा आरटीईच्या २५ टक्के कोट्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी फॉर्म भरला होता आणि लॉटरीत त्याचा नंबर लागला. घरात पेढे वाटून झाले. मग कागदपत्रांची पडताळणी झाली आणि प्रवेश नाकारला गेला, कारण राहण्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे होता तो नोटरीचा करार. आरटीईला भाडेकरार नोंदणीकृत लागतो, अर्ज भरण्याच्या तारखेच्या आधीचा लागतो आणि किमान अकरा महिन्यांचा लागतो. "सर, मालक माझ्याबरोबर येऊन सांगायला तयार आहेत की हे इथंच राहतात," ते म्हणाले. पण सांगून चालत नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी करार नोंदवला, तो तारखेने उशिराचा ठरला. आठवीपर्यंतचं फुकट शिक्षण हजार-बाराशेच्या नोंदणीपायी गेलं. पाच वर्षांत एकाही माणसाने त्यांना हे सांगितलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. मोठी मुलगी आमच्याच वर्गात होती.

हाच कागद गॅस कनेक्शन, आधारचा पत्ता, मतदार यादी, बँक यांनाही उपयोगी पडतो. म्हणून भाड्यात दोनशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा नोंदणीचा आग्रह धरा.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम. पुष्कळ जिल्ह्यांत तसे आदेश निघतात आणि फॉर्म ऑनलाईनही भरता येतो. आपल्या काही मुलांना त्याची धास्ती वाटते, "आपल्यालाच का विचारतात?" असं मनात येतं. फॉर्म सगळ्यांसाठी आहे. मालक विसरला तर तुम्हीच आठवण करा आणि पोचपावती स्वतःजवळ ठेवा.

मालक परदेशात असेल तर

कोकणातली ही खास गोष्ट. आपल्या कित्येक कुटुंबांतले लोक कुवेत, दुबई, कतारला. फ्लॅट घेऊन ठेवलेले, किल्ली मेहुण्याकडे नाहीतर मामूंकडे. अशी घरं भाड्याने मिळतात, बऱ्याचदा स्वस्तात, कारण मालकाला पैशापेक्षा घर बंद पडून सडू नये हे महत्त्वाचं असतं. पण किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला करार करायचा अधिकार आहे का, हे विचारायला लाजू नका. कुलमुखत्यारपत्र असेल तर त्याची प्रत घ्या. नसेल तर मालकाच्या सुट्टीची वाट बघा आणि तो आला की करार उरका. भाडं मालकाच्या बँक खात्यातच टाका. मामूंच्या हातात रोख दिलेल्या पैशांवरून दोन भावांच्या भांडणात भाडेकरू भरडला गेल्याचं आम्ही बघितलं आहे. आणखी एक, मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरायची जबाबदारी कायद्याने भाडेकरूवर येते, भाडं थोडं असलं तरी. एखाद्या कर सल्लागाराला विचारून घ्या.

जमातीच्या किंवा मशिदीच्या खोल्या मिळाल्या तर भाडं कमी असतं. तिथे पावती ट्रस्टच्या नावाने आणि पदाधिकाऱ्याच्या सहीने घ्या. पावती देणं प्रत्येक मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, जमातीलाही.

डिपॉझिट आणि 'हेवी डिपॉझिट'

मुंब्रा, भिवंडी, मुंबईहून आलेल्या लोकांबरोबर हेवी डिपॉझिटची चालही येते. तीन-चार लाख मालकाला द्यायचे, भाडं नाही किंवा नावापुरतं, जाताना रक्कम परत. ऐकायला गोड वाटतं. दीनी बाजूने उलेमांचा आक्षेप असा की मालकाने घेतलेली रक्कम ही कर्जच, आणि कर्जाच्या बदल्यात फुकट राहणं म्हणजे कर्जावर घेतलेला फायदा. ज्यांना मसला नीट समजून घ्यायचा त्यांनी आपल्या मुफ्तींना विचारावं, आम्ही फतवा देणारे नाही. दुनियेच्या बाजूने धोका सरळ आहे. मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवलेले असतात. फ्लॅटवर बँकेचं कर्ज थकलेलं असलं आणि बँकेने ताबा घेतला तर तुमचे चार लाख कुठून वसूल करणार? बायकोचे दागिने मोडून दिलेली रक्कम असते ती. साध्या डिपॉझिटवर राहा, दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं पुरे.

डिपॉझिट किती, परत किती दिवसांत, कशाकशाचे पैसे कापणार, हे करारात हवं. घरात शिरायच्या दिवशी मोबाईलवर भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि मालकाला त्याच दिवशी पाठवा. दलालाचं म्हणाल तर तो एक महिन्याचं भाडं मागतो, बोललं तर अर्ध्यावर येतो. त्याच्याआधी मशिदीत जुम्यानंतर दोघा-चौघांना विचारा, किराणावाल्याला विचारा आणि बायकांना विचारा. कुठली रूम कधी रिकामी होणार हे मोहल्ल्यातल्या खालांना मालकाच्याही आधी माहीत असतं.

नाव ऐकून नकार

हा विषय टाळता येत नाही. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की "रूम कालच गेली हो". आम्हालाही हे तीनदा ऐकावं लागलं. कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचं कलम १५ धर्मावरून भेदभाव करायला सरकारला मनाई करतं, पण खाजगी मालकाने कुणाला भाडेकरू ठेवावं यावर थेट बंधन घालणारा कायदा आज आपल्याकडे नाही. २००५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला होता. म्हणून एकट्या मालकाशी वाद घालून हाती काही लागत नाही, वेळ जातो.

मात्र मालक तयार आहे आणि सोसायटी अडवते, ही गोष्ट वेगळी. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवणं आणि कराराची प्रत देणं पुरे. भाडेकरू ठेवल्याबद्दलचा जादा आकारही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेक्रेटरी "एनओसी नाही" म्हणाला तर मालकाला हे दाखवा. लेखी मागितलं की तोंडी नकार बऱ्याचदा विरघळतो.

आणि खरं बोलायचं तर नकार एकाच बाजूने नाही. आपल्या मोहल्ल्यातही "यूपी-बिहारवाले नको", "बॅचलर नको", "घटस्फोटित बाई एकटी आहे, नको" हे चालतं. मदरशात शिकवणाऱ्या एका मौलानांना आपल्याच वस्तीत दोन महिने घर मिळालं नाही. उलट आम्हाला सगळ्यात चांगलं घर ज्यांनी दिलं त्या शिवाजीनगरच्या एक काकी. पहिल्या दिवशी आम्ही जरा बिचकतच विचारलं, "काकी, आमच्या घरात मटण-मासे शिजतात, चालेल ना?" त्या म्हणाल्या, "सुरमई आणलीत तर आधी मला सांगा, नाहीतर घर खाली करा!" नऊ वर्षं राहिलो तिथे. ईदला शीरखुर्म्याचा डबा खाली जायचा, गणपतीत मोदकांचा वर यायचा. शाकाहाराची अट असणारी घरंही आहेत, ती अट पाळायची नसेल तर खोटं बोलून घेऊ नका. कुर्बानीच्या दिवसांत मग लपवाछपवी करावी लागते.

राहायला लागल्यावर, आणि सोडताना

मालकाने रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडली तर ते बेकायदा आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ त्यासाठीच आहे. भाडं थकलं असलं तरी कुलूप लावून सामान बाहेर टाकता येत नाही, त्याला कायदेशीर मार्गानेच जावं लागतं. तसंच उलटही लक्षात ठेवा. मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही आणि तुम्ही घर अडवून बसलात, तर लिव्ह अँड लायसन्समध्ये मालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. तेव्हा अकरावा महिना लागायच्या आधीच बोलणं करा. नव्या करारात पाच-दहा टक्के वाढ होणं चालीचं आहे. त्याहून जास्त मागितलं तर मागच्या पावसात गळालेल्या छताचा विषय काढा.

सोडताना एक महिना आधी व्हॉट्सअॅपवर तरी लेखी कळवा, नुसतं तोंडी नको. शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो, महावितरणचं शेवटचं बिल, पाणी आणि मेंटेनन्सच्या पावत्या एकत्र द्या आणि किल्ली देतानाच डिपॉझिटचा हिशोब मिटवा. शेवटचे दोन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करायची युक्ती काही जण करतात. ती मालकाने मान्य केली असेल तरच करा, कारण त्याच घरात तुमच्या पाठोपाठ तुमच्याच गावचा दुसरा शिक्षक यायचा असतो.

पुढच्या जूनला येणाऱ्यांनी निकालानंतर, एप्रिलच्या शेवटापासूनच चौकशी सुरू करावी. बदल्यांमुळे आणि सुट्ट्यांमुळे त्या वेळी घरं मोकळी होतात आणि विद्यार्थ्यांची गर्दी अजून आलेली नसते. पहिला करार दोघांच्या नावावर घेतला आणि भाडं वाटून घेतलं तर शिक्षणसेवकाच्या मानधनातही निभतं. मात्र दोघांचीही नावं करारात घाला, नाहीतर एकाची बदली झाली की दुसऱ्याकडे राहण्याचा कसलाच कागद उरत नाही.